लाल पट्ट्यामागचा काळा

अनेक आशीर्वाद.

सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणतो वादळ टाळायची एसओपी, म्हणजे ठरलेली कार्यपद्धती, सोडायची नाही, आणि लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणात, कमांडर हवामान-रडारचा टिल्ट (झोताचा वर-खाली कोन) आणि गेन (संवेदनशीलता) आपल्या अंदाजाने फिरवत बसतो. मग ऐकायचं कोणाचं, असं तू विचारलंस. दोघांचंही ऐक. ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

एसओपी तुला अंतर सांगते: जोरदार सेलपासून, म्हणजे वादळी ढगाच्या गाभ्यापासून, 20 नॉटिकल मैल तरी लांब राहा, वाऱ्याच्या वरच्या अंगाने वळसा घाल, मधून वाट शोधू नकोस. पडद्यावर जे दिसतंय त्याचा अर्थ मात्र तुलाच लावायचा आहे, आणि त्यासाठी यंत्राची खोड माहीत हवी. आपल्या रडारची लहर सुमारे 3 सेंटिमीटरची. ती पाण्याच्या थेंबांवर आपटून छान परतते, कोरड्या गारा आणि बर्फाच्या कणांवरून फारच कमी. म्हणून 35,000 फुटांवर सरळ नाकासमोर बघत राहिलीस तर सीबीचा, म्हणजे गडगडाटी वादळी ढगाचा, माथा फिकट हिरवा, किरकोळ पावसासारखा दिसेल, कधी दिसणारही नाही. बीम, म्हणजे रडारचा झोत, खाली न्यायचा, जिथे पाणी आहे तिथे. हिशेब तोंडी जमतो: जितके मैल, तितके शंभर फूट, दर अंशाला. 80 मैलांवर एक अंश म्हणजे 8,000 फूट. 35,000 वरून बीमचा मध्य 19,000 वर आणायचा तर टिल्ट उणे 2. आणि बीम साडेतीन अंशांचा असेल तर तेवढ्या अंतरावर त्याची जाडी 28,000 फूट होते, हेही विसरू नकोस. ऑटो मोड हे सगळं करतो, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बरं करतो. तरी तो काय करतोय हे कळायला हाताने जमलंच पाहिजे.

आता रंगांपेक्षा महत्त्वाची गोष्ट. 4 एप्रिल 1977, सदर्न एअरवेजची फ्लाइट 242, हंट्सव्हिलहून अटलांटाला निघालेलं डीसी-9 विमान. पुढे वादळांची रांग. पडद्यावर जोराचा पाऊस, त्यात एक जागा मोकळी वाटणारी. ते भोक आहे का, यावर कॉकपिटमध्ये बोलणंही झालं. जवळच्या पावसाने लहर शोषून घेतली की मागचं काही दिसत नाही आणि पडदा काळा राहतो. हा काळा रंग मोकळ्या आकाशाच्या काळ्यासारखाच असतो. विमान आत गेलं, पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली. न्यू होप गावाच्या रस्त्यावर उतरायचा प्रयत्न झाला. जमिनीवरच्या 9 जणांसह 72 माणसं गेली. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणाऱ्या मंडळाने) कारणांमध्ये ताजी हवामान-माहिती न पुरवणारी कंपनीची यंत्रणा आणि एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) मर्यादाही धरल्या, आणि वादळातून वाट काढायला रडारवर विसंबणंही. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच: हीच मंडळी दोनेक तासांपूर्वी त्याच भागातून गेली होती, तेव्हा पाऊस आणि हलके धक्के, एवढंच लागलं होतं.

अनुभव असा घात करतो. तेव्हा विवेक वापर, पण एकाच दिशेने. नियम 20 म्हणतो आणि तुझं मन 40 म्हणतं, तर 40 घे; कोणी जाब विचारलाच तर इंधनाचा हिशेब दाखव. नियम 20 म्हणतो आणि मन म्हणतं 8 चालतील, तर ते मन बहुधा उशिराचं, कनेक्शनचं नाहीतर ड्यूटीच्या तासांचं असतं. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने 1999 मध्ये डॅलसच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा अभ्यास केला. वादळात शिरण्याचं प्रमाण वाढत होतं ते विमानतळ जवळ आला की, अंधार पडला की, उशीर झाला की आणि पुढे दुसरं विमान गेलेलं असलं की. पुढचा गेला म्हणजे वाट मोकळी, हे रेडिओवर ऐकू येईलच तुला. सेल दहा मिनिटांत बदलतो.

लवकर ठरवण्याचं कारण आपल्या आकाशात आणखी ठसठशीत आहे. 21 मे 2025 ला दिल्ली-श्रीनगर इंडिगोने पठाणकोटजवळ डावीकडे, आंतरराष्ट्रीय सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली; नॉर्दर्न कंट्रोलने (तिथल्या भारतीय हवाई नियंत्रणाने) दिली नाही, लाहोरनेही नाकारली. परत फिरायचा विचार झाला तोवर ढग जवळ आला होता. गारांनी नाक फुटलं, तरी विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं. त्या क्रूला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. निघण्याआधीच नकाशावर बघ, की कोणत्या बाजूला वळता येणारच नाही.

राहिला कमांडरचा प्रश्न. तो लालच्या, म्हणजे पडद्यावर जोराचा पाऊस दाखवणाऱ्या रंगाच्या, जवळून न्यायला लागला की "सर, वेदर आहे" एवढंच बोलून गप्प बसू नकोस. अंतर सांग, दिशा सांग, मागणी सांग: "सर, 60 मैलांवर सेल आहे, उजवीकडे 20 मैल मागूया." रागावला तर रागावू दे. उतरल्यावर चहा तोच पाजेल, बहुतेकदा.

पुढच्या पत्रात हे गणित सोडवून पाठव: 37,000 फूट, सेल 40 मैलांवर, बीमचा मध्य 17,000 वर हवा. टिल्ट किती, आणि त्या अंतरावर बीम किती जाड? कॅल्क्युलेटर नको.