ऐन हंगामात लाडका खेळाडू देऊन टाकणं हा वेडेपणा नाही का?

बेसबॉलमधले संघ हंगामाच्या मधेच आपला सगळ्यात लोकप्रिय खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकतात, हे तुम्हाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. २००४ साली मी बॉस्टनला शिकत होतो आणि ३१ जुलैला, अदलाबदलीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रेड सॉक्सने नोमार गार्सियापारा शिकागो कब्जला देऊन टाकला. निम्म्या शहराच्या अंगावर त्याच्या नावाचा शर्ट असायचा. आमच्या घरमालकांनी तर दोन दिवस सुतक पाळलं म्हणायला हरकत नाही.

बदल्यात आले ऑर्लांडो कॅब्रेरा आणि डग मिंटकेविच. नावं ऐकून कोणी खुर्चीतून उठावं अशी नव्हेत. पण जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन, वय वर्षं अवघं ३०, त्याला टाळ्या नको होत्या. गळकी फिल्डिंग बुजवायची होती.

त्याच दिवशी आणखी एक किरकोळ व्यवहार झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा खेळाडू घेतला. बॅटिंग बेताची, पाय मात्र हरणाचे. घरमालकांनी ती बातमी वाचलीसुद्धा नसेल.

आता ऑक्टोबर. रेड सॉक्स १९१८ नंतर एकदाही विश्वविजेते झाले नव्हते. बेब रूथ या महान खेळाडूला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला विकल्याचा शाप आहे, असं म्हातारे गंभीर चेहऱ्याने सांगत. त्याच यँकीजशी सात सामन्यांची लढत लागली. पहिले तिन्ही सामने गमावले, तिसऱ्यात तर घरच्या मैदानावर १९-८ असं पानिपत. ०-३ वरून अशी लढत मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, कोणीच कधी जिंकली नव्हती.

चौथा सामना, नववी म्हणजे एरवी शेवटची इनिंग, ३-४ अशी पिछाडी, समोर चेंडू टाकायला यँकीजचा मारियानो रिव्हेरा. आमच्या केव्हिन मिलारला चार बॉल बाहेर पडल्यामुळे पहिला बेस फुकट मिळाला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. हा दुसरा बेस ‘चोरणार’, म्हणजे रिव्हेराने चेंडू टाकताच पुढे पळणार, हे मैदानावरच्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला दटावलं. मग फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला. यँकीजचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) होर्हे पोसाडा, त्याची दुसऱ्या बेसकडची फेक अचूक होती. तरीही रॉबर्ट्सचा हात वीतभर आधी पोचला. बिल म्युलरने चेंडू मधून काढला, रॉबर्ट्स चारही बेस पार करून घरी आला, म्हणजे एक धाव, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना संपवला.

पुढचं भराभर सांगतो. पाचवा सामना १४ इनिंग्ज. सहाव्यात कर्ट शिलिंगने शिवलेल्या घोट्याने पिचिंग केलं, मोजा रक्ताने लाल. सातवा १०-३. मग अंतिम लढतीत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, सेंट लुईस कार्डिनल्सना ४-० आणि ८६ वर्षांनी विजेतेपद.

आणि गंमत बघा, न झालेली अदलाबदलही तेवढीच मोलाची ठरली. आधीच्या हिवाळ्यात आमचा फलंदाज मॅनी रामिरेझला देऊन टेक्सासच्या संघातल्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला आणायचं जवळजवळ ठरलं होतं. रॉड्रिगेझचा पगार कमी होणार म्हणून खेळाडूंच्या संघटनेने मोडता घातला, आणि तो यँकीजकडे गेला. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कोण, तर मॅनी!

रॉबर्ट्सच्या हाती त्या बाद फेऱ्यांत एकदाही बॅट आली नाही. डिसेंबरमध्ये त्यालाही सॅन डिएगोला देऊन टाकलं. घरमालक पुन्हा दोन दिवस गप्प.