पहिला पाऊस पडण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. महाड तालुक्यात नेमणूक झाली आणि डोंगराखालच्या वाड्या तुझ्याकडे आल्या, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. २००५ च्या जुलैत दरडी कोसळल्या त्या जुई, दासगावावर. २०२१ च्या जुलैत तळियेवर. सगळी गावं याच तालुक्यातली.

दरडप्रवण गावांची यादी कचेरीत मिळेल. ती वाच, पण तिच्यावर विसंबू नकोस. खालापूरची इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं भर पावसात, चिखलातून चढून गेली. अशा जागी माणूस वाचतो तो आधी निघाला तरच.

कातळावरच्या मातीत सलग पावसाचं पाणी मुरत गेलं की ती जड होते आणि तिची पकड सुटते. त्याआधी बऱ्याचदा खुणा दिसतात: उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं नि खांब, एकाएकी घट्ट बसू लागलेली दारं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा. या खुणा सर्वांत आधी दिसतात गुराख्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना. फलक लावण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बस. डोंगर कुठे हलतोय, ते तुला त्याच सांगतील.

शाळेतल्या मुलांना सरळ उभ्या कडांचा एक डबा आणि पट्टी दे. डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून ओतून टाकायचं. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. फळ्यावर त्या दिवसाचा आकडा आणि तीन दिवसांची बेरीज, दोन्ही लिहू देत. इर्शाळवाडीच्या परिसरात दुर्घटनेआधीच्या तीन दिवसांत सुमारे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

निघायचं कधी, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या वाटेने, हे ग्रामसभेत आधीच ठरव. दिवसाउजेडी निघायचं, हे पक्कं कर. अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, त्यांची नावं लिही. गुरांची सोयही ठरव, कारण पुष्कळ माणसं गोठ्यासाठीच मागे राहतात. निवाऱ्याची जागा ओढ्याच्या तोंडाशी किंवा दुसऱ्या उताराखाली नको. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराघरांत पाठ असू दे.

एखाद्या वर्षी लोक निघतील आणि दरड येणारच नाही. कुरकुर होईल, तुला बोलही लागतील. म्हणून निवाऱ्यात गरम जेवण, कोरडी जमीन आणि बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं शौचालय हवंच. तिथे हाल झाले तर पुढच्या खेपेला कुणी घर सोडणार नाही. या एका गोष्टीसाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी भांड.

लावणी सुरू झाली की बैठकीला कुणी सापडायचं नाही. त्याआधीची तारीख धर आणि मला कळव, मी येतो.

तुझे सर