वर्षाच्या मध्ये नोकरी बदलताना

पहिली नोकरी सोडतोयस, चांगली गोष्ट आहे. पण नव्या ठिकाणी रुजू होताच आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील लेखी दे. हे कोणी आपणहून विचारेलच असं नाही, आणि इथेच नवी मुलं अडकतात.

हिशोब बघ. नवी करप्रणाली, वर्ष 2025-26. एप्रिल ते सप्टेंबर महिना 1 लाख, म्हणजे 6 लाख. ऑक्टोबरपासून सव्वा लाख, म्हणजे साडेसात लाख. आधीची कंपनी वर्षाचे 12 लाख धरते, नवी फक्त साडेसात; दोघींच्या हिशोबात रक्कम करसवलतीच्या मर्यादेत बसते, म्हणून कर शून्य. प्रत्यक्षात एकूण साडेतेरा लाख. 75,000 ची प्रमाणित वजावट (कर मोजण्याआधी पगारातून सरसकट वगळली जाणारी रक्कम) एकदाच मिळते, दोनदा नाही. उरले पावणेतेरा लाख, त्यावर उपकरासह कर 74,100 रुपये. तो मार्चपर्यंत भरला नाहीस तर वर व्याज. जुलैत विवरणपत्र भरायला बसल्यावर एवढी रक्कम एकदम काढणं फार जड जातं रे.

दुसरं पीएफचं. जुना पीएफ काढून मोबाईल घेऊ नकोस, कळकळीने सांगतो. सलग 5 वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर कर लागतो. त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुझा पीएफ क्रमांक) रक्कम वळती करून घे, म्हणजे जुन्या नोकरीचा काळही त्या 5 वर्षांत धरला जातो.

आणि फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला गेला तर घाबरू नकोस, महाराष्ट्रात तसंच आहे.