नेटवरून घेतलेला पॅच माझ्या गिटारवर तसा का वाजत नाही? आणि स्वतःचा टोन लोकांना द्यायचा तर कसा द्यावा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की बॉसचं जीटी-१ हे गिटारच्या इफेक्टचं पेडल घेतलंय, सहा महिन्यांत चाळीसेक पॅच (म्हणजे तयार आवाजाच्या सेटिंगच्या फाइली) उतरवून झाले, व्हिडिओत ऐकताना अंगावर काटा येतो आणि घरी वाजवलं की एकतर घोगरं नाहीतर माशी गुणगुणल्यासारखं येतं. आणि स्वतः बनवलेले दोन टोन आहेत ते शेअर करायचेत पण धीर होत नाही. मी बेस वाजवतो, मूळचा सांगलीचा, आता पुण्यात, लग्नाच्या संगीतापासून गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्यांपर्यंत सगळं वाजवतो, आणि गेली काही वर्षं पॅच बनवणं आणि ते लोकांशी अदलाबदल करणं हा माझा जवळजवळ रोजचा उद्योग आहे. त्यामुळे जरा लांब लिहितोय, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट तपासा, बाकी सगळं नंतर. जीटी-१ च्या सिस्टीम सेटिंगमध्ये आउटपुट सिलेक्ट असतं. पेडल कशाला जोडलंय, म्हणजे गिटार अँपला का हेडफोनला का थेट मिक्सरला, ते तिथं सांगायचं असतं. हे सेटिंग मशीनचं आहे, पॅचबरोबर येत नाही. तुम्ही हेडफोन लावलाय आणि मशीनला वाटतंय की पुढे मोठा अँप आहे, तर कितीही भारी पॅच टाका, माशीच गुणगुणणार. कारण गिटारच्या अँपमधला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, तिथून झपकन उतरतो. डिस्टॉर्शनचा (मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा) सगळा किरकिराट त्याच्याही वर असतो आणि स्पीकर तो आपसूक गाळून टाकतो. हेडफोन किंवा पीए (कार्यक्रमातले मोठे स्पीकर) गाळत नाही, म्हणून पॅचमध्ये कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, नक्कल लागते आणि ती लावायची का नाही हे मशीनला कळावं लागतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची तक्रार या एका सेटिंगने मिटलीये.

ते बरोबर असूनही तसं वाजत नसेल तर मग खरी गंमत सुरू होते.

पॅच म्हणजे काय, तर आकड्यांची यादी. ड्राइव्ह (आवाज किती फाडायचा ते) ६०, ट्रेबल ४५, डिले (प्रतिध्वनी) ३७५ मिलिसेकंद वगैरे. हे आकडे ज्याने लिहिले त्याच्या हातात त्याची गिटार होती, त्याचा पिक होता, त्याच्या कानाशी त्याचा स्पीकर होता, आणि यातलं काहीच फाइलमध्ये येत नाही. समजा त्याने हमबकरवाल्या गिटारवर बनवलाय आणि तुमच्याकडे सिंगल कॉइल आहे (हे पिकअपचे, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचे, दोन प्रकार). हमबकरचा सिग्नल जोरकस, तुमचा त्यापेक्षा बारीक, म्हणजे त्याच ६० वर तुमचा ड्राइव्ह अर्धवट पेटणार. आणि हे सगळेच विसरतात, पण नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट! त्याने गेट त्याच्या जोरकस सिग्नलच्या हिशोबाने लावलेला असतो, तुमचा सूर मावळायला लागला की गेट त्याला आवाज नव्हे तर खरखर समजून दार लावून घेतं, आणि तुम्हाला वाटतं आपल्या हातातच सस्टेन (सूर टिकवणं) नाही. गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, खाली आणा, ड्राइव्ह थोडा वाढवा, दहा मिनिटांचं काम आहे.

डिलेचंही तसंच. ३७५ मिलिसेकंद हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ६०,००० ला गाण्याच्या टेम्पोने (मिनिटाला किती ठोके) भागा, एका मात्रेचा वेळ मिळतो. १२० च्या टेम्पोला ५०० मिलिसेकंद, आणि त्याचा पाऊण म्हणजे ३७५, ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात. तुमचं गाणं ९६ ला असेल तर तोच डिले ४६९ च्या आसपास हवा, नाहीतर प्रत्येक ठोका अडखळत येणार आणि तुम्ही पॅचला शिव्या घालणार.

मी सांगलीत वाढलो, शेजारी मिरज, तिथल्या सतारमेकर गल्लीत लहानपणी काकांबरोबर खूपदा जायचो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावताना तुम्ही कधी बघितलंय का? तारेखाली घोडीवर दोरा सरकवतात, अगदी केसभर, आणि एका जागी आल्यावर आवाज एकदम उघडतो, घुमायला लागतो. स्वर बदलला की दोरा परत सरकवावा लागतो. एका तानपुऱ्यावरची दोऱ्याची जागा पट्टीने मोजून दुसऱ्यावर तशीच ठेवली तर जवारी लागत नाही, हे तिथल्या पोरालासुद्धा माहीत असतं, त्याला कानाने परत शोधावंच लागतं. पॅचकडे मी तेव्हापासून तसंच बघतो. समोरच्याने दोरा साधारण कुठे आहे ते सांगितलंय, तेवढी मोठी मदत झाली, पुढचं सरकवणं आपलं.

आता व्हॉल्यूम. याने मला एकदा फार त्रास दिलाय म्हणून सविस्तर सांगतो. १९३३ साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की तोच खर्ज भरून यायला लागतो. म्हणजे रात्री अकराला, शेजारी उठू नयेत म्हणून, हळू आवाजात हेडफोनवर पॅच बनवला की आपण नकळत बास आणि ट्रेबल चढवून ठेवतो, कारण तेव्हा तसंच कानाला भरलेलं वाटतं. मी असाच एक बेसचा टोन चार रात्री बसून बनवला होता आणि सरळ गणपतीच्या कार्यक्रमात नेला. साउंड चेक मिळालाच नाही, पहिल्याच गाण्याला मंडपभर नुसतं घूं घूं, ढोलकीवर माझा खर्ज चढून बसला, साउंडवाल्या दादाने मला मिक्सरवर जवळजवळ बंदच केलं आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून नियम आहे, पॅच हळू बनवला तरी शेवटचा हात मोठ्या आवाजात, शक्यतो बाकी वाद्यं वाजत असताना. एकट्याने वाजवताना जो टोन किंचित बोडका, मधल्या पट्टीत जास्तच वाटतो तो बँडमध्ये बरोबर बसतो, हे अनुभवाने सांगतो.

शेअरिंगबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात जास्त जीव लावला तो टीसी इलेक्ट्रॉनिकच्या टोनप्रिंटने, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला आवाज पेडलमध्ये टाकायच्या सोयीने. ही डेन्मार्कमधली कंपनी, १९७६ साली रिशॉय भावांनी सुरू केलेली. २०११ मध्ये त्यांनी टोनप्रिंटवाली छोटी पेडलं आणली, हॉल ऑफ फेम रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारं), फ्लॅशबॅक डिले, कोरोना कोरस (एकाचे अनेक आवाज भासवणारं) वगैरे. सुरुवातीला नामवंत वादकांनी कंपनीबरोबर बसून बनवलेले आवाज मिळायचे, नंतर त्यांनी एडिटरच सगळ्यांना फुकट दिला. पेडलच्या आतले जे डझनभर आकडे एरवी बाहेर दिसतच नाहीत ते उघडतात, आणि एक नॉब फिरवल्यावर आत एकापेक्षा जास्त गोष्टी कशा हलाव्यात हेही आपण ठरवतो. बेसवाल्यांसाठी त्यांचा स्पेक्ट्राकॉम्प आहे, तीन बँडचा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारा) पण अंगावर नॉब एकच! त्या एका नॉबचा अर्थ काय हे टोनप्रिंट ठरवतं. स्लॅपसाठी (अंगठ्याने तार ठोकून वाजवायला) एक, बोटाने वाजवायला एक, असे मी चार बनवलेत.

आणि तो आवाज पेडलमध्ये जातो कसा हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खरंच थक्क झालो होतो. फोनचा स्पीकर गिटारच्या पिकअपजवळ धरायचा, आवाज फुल, पाठवायचं बटण दाबायचं, फोनमधून जुन्या डायलअप मोडेमसारखं किर्रखर्र येतं आणि झालं, टोन पेडलमध्ये. पिकअप काही हवेतला आवाज ऐकत नाही, फोनच्या स्पीकरमधल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र हलतं ते पिकअप पकडतं आणि तेच केबलमधून पेडलपर्यंत जातं. म्हणून गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा आणि मधली बाकी पेडलं बंद करायची, नाहीतर डेटाच डिस्टॉर्ट होतो. ग्रीनरूममध्ये कुणाला माझा कोरस आवडला तर त्याच्या फोनवर दिला, त्याने दोन मिनिटांत स्वतःच्या पेडलमध्ये टाकला आणि पुढच्या गाण्याला वाजवला, असं मी स्वतः केलंय.

हल्ली जे कॅप्चर निघालेत, केंपर या मशीनचे प्रोफाइल, क्वाड कॉर्टेक्स या मशीनचे कॅप्चर, किंवा स्टीव्हन ॲटकिन्सनचं न्यूरल अँप मॉडेलर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्यांच्याबद्दल थोडक्यात. ते अँपचा किंवा ड्राइव्ह पेडलचा एका ठरावीक सेटिंगवरचा फोटो काढतात, फार जिवंत वाटतो, पण फोटोच तो. डिले, रिव्हर्ब, कोरस त्यात येत नाहीत, ते वेगळे लावावे लागतात. त्यामुळे नुसतं कॅप्चर घेऊन व्हिडिओसारखं का वाजत नाही असं वाटलं तर उत्तर बहुतेक त्या गायब रिव्हर्बमध्ये असतं.

आता तुमचे दोन टोन. द्या, नक्की द्या. पण आकड्यांबरोबर गोष्टही द्या. गिटार कोणती, पिकअप कुठलं, टोनचा नॉब किती, पिकने का बोटाने, हेडफोनवर बनवलाय का अँपवर, कुठल्या टेम्पोला. चार ओळी पुरतात आणि या चार ओळींशिवाय टाकलेला पॅच मी हल्ली उघडतच नाही. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) कुठलं तेही लिहा. मी एचएक्स स्टॉम्प हे पेडल वापरतो, त्यात आधी सहाच ब्लॉक (म्हणजे अँप, इफेक्ट वगैरेंच्या जागा) बसायचे, २०२० च्या ३.० अपडेटनंतर आठ झाले, त्यामुळे नव्यातला पॅच जुन्या फर्मवेअरवर टाकला की घोळ. आणि तुम्ही विकत घेतलेला कॅबचा आयआर (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल असलेली फाइल) वापरला असेल तर तो पॅचच्या फाइलमध्ये जात नाही, समोरच्याकडे ती जागा रिकामी राहते नाहीतर तिथं भलताच आयआर बसतो. तो आयआर परस्पर वाटूही नका, कुणीतरी मेहनतीने बनवून विकलेला असतो, कुठला आहे त्याचं नाव लिहा आणि पर्याय म्हणून मशीनमधल्या कॅबवर एक आवृत्ती द्या. आवाजाची पातळीही बघा, पॅच चालू-बंद करून दोन्हीकडे सारखी येते का ते. मोठा आवाज पहिल्या ऐकण्यात नेहमी चांगलाच वाटतो आणि त्यात लोक फसतात.

अजून एक सांगतो जे फार कमी जण करतात. पॅचबरोबर वीस सेकंदांची कोरडी क्लिप द्या, म्हणजे कुठलाही इफेक्ट नसलेली, गिटार थेट रेकॉर्ड केलेली. समोरच्याने ती क्लिप लॅपटॉपवरून, पातळी सांभाळून, स्वतःच्या पेडलच्या इनपुटला सोडली आणि आवाज तुमच्यासारखाच आला तर समजायचं मशीनमध्ये सगळं ठीक आहे, फरक त्याच्या गिटारमध्ये किंवा हातात आहे. नाही आला तर सेटिंग तपासायचं. अंदाजाने आठवडाभर नॉब पिळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बेसवर पॅच करणार असाल तर खर्ज वेगळा ठेवा, एवढं ऐका माझं. बेसची ई तार ४१ हर्ट्झला आहे, गिटारची ८२ ला. गिटारचा ड्राइव्ह थेट बेसवर लावला की खालचा पायाच उडतो. मी सिग्नलचे दोन फाटे करतो, १८० हर्ट्झच्या खालचं स्वच्छ, फक्त कॉम्प्रेसर, आणि वरचं ड्राइव्हमधून, मग दोन्ही परत एकत्र. हा पॅच मी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी टाकला होता. नागपूरच्या एका मुलाने तो घेतला, त्याच्याकडे पाच तारांचा बेस, खालची बी तार ३१ हर्ट्झची, त्याने फाटा १२० वर आणला, कॉम्प्रेसरचा अटॅक (तो आवाज किती पटकन दाबतो ते) हळू केला आणि का केलं ते लिहून मला परत पाठवला. मी तो माझ्या चार तारांवर लावला तर स्लॅपचा ठोका आधीपेक्षा मोकळा यायला लागला! आता सुपारीला तोच वाजवतो, नावात त्याची आणि माझी दोघांची आद्याक्षरं ठेवलीत.

तर ते दोन टोन इथंच खाली टाका, गिटार-पिकअपची माहिती आणि जमलं तर कोरडी क्लिप. माझ्या मित्राकडे जीटी-१ आहे आणि सिंगल कॉइलची गिटारही, रविवारी त्याच्याकडे प्रॅक्टिसला बसणार आहोत, दोन्ही मोठ्या आवाजात ड्रमबरोबर वाजवून बघतो आणि कुठं काय सरकवलं ते आकड्यांसकट कळवतो.