ब्रिज पिकअपचा आवाज: कर्कश की खणखणीत?

गोरेगावच्या एका वाचकाने विचारलंय: "इलेक्ट्रिक गिटारवर मराठीत लिहितोय. ब्रिज पिकअपच्या टोनला 'उंच' म्हणू, 'कर्कश' म्हणू की आणखी काही? आणि पिकअपला 'ध्वनिग्राहक' चालेल का?"

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांची हालचाल विजेत बदलणारा चुंबकी भाग. ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळचा तो ब्रिज पिकअप; गिटारच्या मानेजवळचा तो नेक पिकअप. आता 'उंच' आधी बाद करू. सूर टिपेला गेला की आवाज उंच. एकच सूर नेक पिकअपवर वाजवा, मग स्विच पाडून ब्रिजवर वाजवा. सूर जागचा हलत नाही. संगीताच्या परीक्षांना बसलेल्यांना नादाचे तीन गुण पाठ असतात: लहान-मोठेपणा, उच्चनीचता आणि जात. इथे बदलते ती जात.

का बदलते? घोडीवर तार घट्ट टेकलेली असते, त्यामुळे तिच्याजवळ तिला हलायला फारशी मोकळीक नसते. स्ट्रॅटोकॅस्टर (थोडक्यात 'स्ट्रॅट') या गिटारचा ब्रिज पिकअप घोडीपासून साधारण चार सेंटिमीटरवर बसतो. मोकळ्या तारेचा मूळ नाद बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे तारेच्या मध्यावर, जेवढा झोका घेतो, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा इथे उरतो. मूळ नादासोबत उमटणारे वरचे सहायक नाद त्या मानाने तगडे राहतात. म्हणून आवाज पातळ, पण धारेचा. हालचालच कमी, म्हणून बनवणारे पुष्कळदा या पिकअपवर तांब्याच्या तारेचे वेढे जास्त देतात.

आता 'कर्कश'. हे वर्णन नाही, तक्रार आहे. घरी छोट्या अ‍ॅम्पवर एकट्याने वाजवलं तर ब्रिज पिकअप कानाला टोचतो, हे खरंच. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटमध्ये तर त्याला टोनचा नॉबच जोडलेला नव्हता; धार बोथट करायची सोयच नाही. पण ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, बेस, ढोलकी आणि ऑक्टोपॅड एकदम सुरू झाले की नेक पिकअपचा गोल, भरदार आवाज त्यात विरघळून जातो आणि ब्रिजचा वर निघतो. लालबाग-परळच्या मिरवणुकीत ताशाच्या कल्लोळातूनही बेंजोचा सूर न् सूर सुटा ऐकू येतो, तसा. त्या बेंजोला तिथला कोणी कर्कश म्हणेल? 'खणखणीत वाजवतोय' म्हणेल. माझं मत याच शब्दाला, निदान टेलिकॅस्टर या गिटारच्या ब्रिज पिकअपपुरतं तरी. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) असेल तर अंग जरा भरतं, तिथे 'ठसठशीत' बरा. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावल्यावर नेकवरचे जाड कॉर्ड एकमेकांत कालवले जातात, ब्रिजवर प्रत्येक फटका वेगळा कळतो. तिथे 'रेखीव' लिहायला हरकत नाही. स्ट्रॅटवर ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावला की येतो तो आवाज किंचित गेंगाणा. 'चिरका' मात्र राखून ठेवा, टोन खरोखरच बिघडलेला असेल तेव्हासाठी.

'ध्वनिग्राहक' नको. तो मायक्रोफोनला शोभेल. पिकअप हवेतला ध्वनी घेत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की भोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, एवढंच. त्याच गिटारला नायलॉनच्या तारा लावा, अ‍ॅम्प मुका. 'पिकअप'च ठेवा. 'गाडीला पिकअप नाही' ही कुरकुर आपण मराठीतच करतो आणि वाशीच्या मार्केटला माल नेणारा टेम्पोही पिकअपच असतो, तेव्हा शब्द परका राहिलेला नाही. पुल्लिंगी वापरा, वाजवणारे 'ब्रिजचा पिकअप' असंच म्हणतात.

'ब्रिज'साठी मात्र सतार-तंबोऱ्याची 'घोडी' तयार आहे. एकदा 'घोडीजवळचा पिकअप' असं सांगून टाकावं आणि पुढे खुशाल 'ब्रिज पिकअप' लिहावं. लेस पॉल या गिटारच्या स्विचभोवतीच्या चकतीवर 'रिदम' आणि 'ट्रेबल' असं छापलेलं असतं. त्यातला 'ट्रेबल' म्हणजे हाच. त्या दोन शब्दांवर विसंबून 'ताल पिकअप' वगैरे करू नका. हेवी मेटल वाजवणारे बहुतेक जण रिदमही ब्रिजवरच वाजवतात.