फ्लॅश मारला की मागचे दिवे कुठे जातात?

प्रश्न : त्रिपुरी पौर्णिमेला गंगेवर (म्हणजे गोदावरीवर), नाशिकच्या रामकुंडापाशी आईचा फोटो काढला. फ्लॅशने आई स्वच्छ येते, पण पाण्यातले दिवे गायब, मागे नुसता काळोख. फ्लॅश बंद केला तर सगळंच हलतं. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : फ्लॅश चालूच ठेवा, शटर हळू करा. कॅमेऱ्यातला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, बऱ्याचदा त्याहूनही कमी वेळ चमकतो. शटर १/६० सेकंद उघडं असो की १/८, ती चमक त्यात पूर्ण मावते. म्हणून आईंच्या चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड शटरने बदलत नाही. तो ठरतो ॲपर्चर (भिंगाचं छिद्र; एफचा आकडा मोठा, तितकं ते बारीक), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) आणि अंतरावर. दिवे मात्र सतत तेवत असतात. शटर जितका वेळ उघडं, तितका त्यांचा उजेड साठत जातो. ऑटोवर कॅमेरा बहुधा १/६० धरतो. पणत्यांना तेवढा वेळ पुरत नाही.

मी घाटावर एम मोडवर (शटर, ॲपर्चर आपणच ठरवतो तो मोड) आयएसओ ४००, एफ ४ आणि शटर १/८ ने सुरुवात करते. दिवे कमी वाटले तर १/४. कॅमेरा पायरीवर किंवा कठड्यावर टेकवते. आईंना दोन-तीन मीटरवर उभं करा. तिथवर हा छोटा फ्लॅश आरामात पोचतो.

खरी गडबड पुढे होते. फ्लॅश चमकला की माणसाला वाटतं फोटो झाला, आणि माणूस हलतो. शटर तर अजून उघडंच असतं! मग चेहऱ्याभोवती पुसट सावली उमटते. आईंना आधीच सांगा, “मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलू नकोस.” आणि फ्लॅशचा जोर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा करा. हातातल्या पणतीचा पिवळा उजेड त्यांच्या गालावर दिसायलाच हवा. फोटो त्यासाठीच तर काढतोय आपण.

प्रश्न : फ्लॅश उघडला की शटर १/२०० च्या पुढे जातच नाही. कॅमेरा बिघडलाय का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. शटरला दोन पडदे असतात. त्याहून वेगात पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो आणि फ्लॅशचा उजेड फोटोच्या एका पट्ट्यावरच पडला असता, म्हणून कॅमेरा अडवतो. सोमेश्वरला भर दुपारी टोपीखालची सावली घालवायची असेल तर आयएसओ १००, १/२००, एफ ११ ठेवा आणि अगदी जवळ, मीटरभरावर जा. ॲपर्चर एवढं बारीक केल्यावर फ्लॅश त्यापुढे फारसा पोचत नाही.