खोडावरचा डोळा

अनुवाद करताना अडलेल्या एका वाचकाने विचारलंय: पानाच्या बेचक्यात खोडावर जो 'बड' असतो, त्याला मराठीत कळी म्हणावं, मुकुल म्हणावं की अंकुर?

कळी नको. कळी म्हटलं की मनात फूलच येतं, आणि इथून तर पुष्कळदा फांदी निघते. अंकुर बीजाचा. मुकुल शास्त्रीय पुस्तकांत रुळलाय, पण संस्कृतात मुकुल म्हणजेही मुख्यतः फुलाचीच कळी. माझ्या मते नेमका शब्द शेतात केव्हापासून तयार आहे: डोळा.

उसाची टिपरी एक डोळ्याची की दोन डोळ्यांची हे बघून लावतात. बटाट्याच्या बेण्याच्या प्रत्येक फोडीवर डोळा राखतात. गुलाबावर डोळा भरतात, म्हणजे हव्या जातीचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या सालीत बसवतात. तिन्हीकडे वस्तू एकच. डोळा उभा चिरून भिंगाखाली धरा, आत अख्खी फांदी घडी घालून ठेवलेली दिसेल: मधोमध सतत विभागणाऱ्या पेशींचं टोक, त्याभोवती एकावर एक मिटलेली इवली पानं, आणि पेरांमधली कांडी जवळजवळ नाहीतच. कोबीचा गड्डा म्हणजे शेंड्याचा असाच एक भला मोठा डोळा. डोळा फुटतो तेव्हा कांडी लांबतात, पानं एकमेकांपासून सुटी होतात. (माणसाच्या बाबतीत 'डोळा फुटणे' किती अशुभ, आणि झाडाच्या बाबतीत तीच आनंदाची बातमी!)

फुटला की तो डोळा राहत नाही, बोली त्याला लगेच नवं नाव देते. जमिनीतून वर येतो तो कोंब, उसाला-भाताला बुडाशी येतात ते फुटवे, तोडलेल्या बुंध्यावर धुमारे, आणि द्राक्षाच्या काडीवर पानाच्या बगलेतून निघते ती बगलफूट.

बगलफूट हा शब्द मला फार आवडतो. पानाच्या बेचक्यातल्या डोळ्याला परिभाषेत 'कक्षस्थ' म्हणतात, इंग्रजीत 'ॲक्सिलरी'. कक्ष म्हणजे काख, लॅटिनमधला 'ॲक्सिला' म्हणजेही काखच. द्राक्षबागेतल्या माणसालाही तीच उपमा सुचली.

शेंडा खुडला की ही बगलफूट जोर धरते. शेंड्याकडून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली वाहत असतं आणि त्याच्या प्रभावाखाली खालचे डोळे मिटलेले राहतात. १९३३ साली थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेंगवर्गीय रोपांचे शेंडे छाटून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर शेंडा नसूनही खालचे डोळे फुटेनात.

तेव्हा अनुवादात पहिल्यांदा 'मुकुल, म्हणजे डोळा' असं लिहा आणि पुढे नुसता डोळाच चालवा. 'सुप्त कलिका'पेक्षा 'निजलेला डोळा' वाचकाला लगेच कळेल.